शंभराचे साडेचार वाटे

१

मावशीने यंत्र तीनदा बंद करून पुन्हा चालू केलं, तेव्हाच मला कळलं की कशाची तरी वाट लागलीये.

"बावीस," ती म्हणाली.

ती माझ्याशी बोलत नव्हती. कामावर ती माझ्याशी बोलत नाही, आणि घरी आली की दमलेली असते.

"किती हवे होते?" मी दारातूनच विचारलं.

"शंभर."

तिने तपकिरी बाटली उजेडात धरली. आतलं दिसायला पाण्यासारखं होतं, पण ते फ्युमरेट होतं. शुद्ध. या प्रयोगशाळेत काहीही मोजायचं तर आधी या बाटलीशी ताडून बघतात. म्हणजे ही इथली फूटपट्टी. शेवटची. नवीन यायला अजून महिना होता.

"मग बाकीचे अठ्ठ्याहत्तर कुठे गेले?"

तिने दुसरी चाचणी लावली, थांबली, आकडा वाचला. "कुठे नाही गेले. त्यांचं मॅलेट झालंय."

फ्युमरेट आणि मॅलेट म्हणजे सख्खे भाऊ. एक एन्झाइम आहे, ते पहिल्याचं दुसरं करतं आणि दुसऱ्याचं पुन्हा पहिलं. ते नसेल तर दोघं ढिम्म, वर्षानुवर्षं आपापल्या जागी. म्हणजे यात एन्झाइमचा हात लागलेला होता. आणि एन्झाइम काही स्वतःच्या पायांनी चालत येत नाही.

मी बाटली बघत होते. लेबल वाकडं होतं, खालच्या कडेला सुरकुत्या. लावणाऱ्याने डोळे मिटून लावलं असावं.

मागे चपला वाजल्या. मोठ्या बाई, इथल्या प्रमुख. त्यांनी आकडा बघितला, बाटली बघितली, आणि मग सावकाश माझ्याकडे वळल्या.

"काल थंड खोलीतून ही पोरगी बाहेर पडताना मी स्वतः पाहिलीये," त्या म्हणाल्या.

२

पाहिली असणारच. मी गेले होते.

झालं असं की काल मोठ्या बाईंनी मला गलरीत अडवलं. "ही प्रयोगशाळा आहे, धर्मशाळा नाही. शाळा सोडलीस, निदान इथे लुडबुडू नकोस." शाळा मी सोडली की शाळेने मला, यावर अजून वाद आहे, पण ते जाऊ दे. मी म्हणाले, "धर्मशाळेत निदान माणसं बोलतात एकमेकांशी." मग त्यांचा चेहरा बघून थंड खोलीत शिरले. माझं डोकं तापलं की मी तिथेच जाते. चार अंश. फळ्यांवर बाटल्या, पंख्याची घरघर, आणि कुणी काही विचारत नाही. काल तिथे फरशी ओली होती, माझी चप्पल सटकली. एवढंच. बाटलीला मी बोटही लावलं नव्हतं.

"एन्झाइमच्या नळ्या त्याच फळीवर असतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकीचं झाकण अर्धवट आहे, आत्ताच बघून आले. हिने रागारागात अख्खी नळी ओतली. म्हणून तर शंभराचं पार बावीसवर आलं!"

"मी नाही ओतली!"

"आवाज खाली."

"खाली केला तरी नाहीच ओतली!"

मोठ्या बाई मावशीकडे वळल्या. "तुम्हाला मागे दोन खोल्या दिल्यात त्या कामासाठी. सोबत नातेवाईक ठेवायची सवलत आहे, ती वागणूक नीट असेल तर. उद्या दुपारपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर ही वसतिगृहात जाईल. शहराबाहेर आहे एक, शिस्तीचं."

मी मावशीकडे बघितलं. आई गेल्यापासून मला हीच एक. आता ही म्हणेल, माझी ठिणगी तोंडाची फाटकी असेल, पण असलं काही करणार नाही. ठिणगी हे नाव तिनेच ठेवलंय. इथे सगळे मला तेच म्हणतात.

मावशीने चष्मा पुसला.

"उद्या दुपारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "मोजते."

मोजते! बास. त्या एका शब्दावर मी तिच्याशी बोलणं टाकलं.

३

बोलणं टाकलं तरी कान चालू होते. मावशी एकेकाला गाठत होती आणि मी मागे मागे. मला हाकललं कुणी नाही. नजर तेवढी चुकवली.

आधी किल्लीकाका. भांडाराच्या, थंड खोलीच्या, सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. चालले की बैलगाडी आल्यासारखा आवाज.

"मी फक्त कुलूप उघडतो आणि लावतो, ताई. आत काय शिजतं ते मला विचारू नका. दिवसभर कोण ना कोण जातंच आत." मग आवाज बारीक करून म्हणाले, "एक सांगू? माझं फरशी पुसायचं फडकं काल गायब झालं. आज मिळालं, ओलं, कचऱ्याच्या डब्यात. आता फडकं चोरणारा माणूस किती दरिद्री असेल!"

"काल थंड खोलीत ओलं होतं," मी म्हणाले.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सकाळपासून. "कुठे?"

"त्याच फळीखाली."

तिने ते वहीत टिपलं. पुढे गेली.

मग घाई. खरं नाव काहीतरी मोठं आहे, पण तो जेवतो उभ्याने आणि बोलतो अर्धं, म्हणून घाई. तरुण आहे. काही बोललं की आधी चिडतो.

"झाकण? हो, मीच. राहतं माझं झाकण, सगळ्यांना माहितीये. म्हणून काय बाटलीत ओतेन का मी? माझं सगळं काम माझ्या टेबलावर. खोलीचं तापमान, पंचवीस अंश. थंड खोलीत नळी घ्यायला जातो आणि पळत येतो, सर्दी होते मला!"

"उरलेलं काय करतोस?" मावशीने विचारलं.

"फेकतो."

"उकळून?"

घाईने वर बघितलं. भिंतीवर पाटी आहे: फेकण्याआधी उकळा. उकळलं की एन्झाइम मरतं. थोरल्या सरांनी लावलेली पाटी. इथे प्रत्येकाला हे त्यांनीच शिकवलंय, मावशीला सुद्धा.

"कधी कधी," घाई पुटपुटला. "म्हणजे, बहुतेक कधीच नाही. बाईंना सांगू नका, ताई."

मावशी निघाली. दारात थांबून, मागे न वळता म्हणाली, "ठिणगे, सरांकडे तू जा. मी नाही विचारू शकत त्यांना."

४

थोरले सर खिडकीपाशी बसले होते, नेहमीसारखे. शेजारी त्यांचं गरम पाण्याचं भांडं, झाकणावर त्यांचा पंचा. ते पाणी कायम आपल्या अंगाइतकं गरम असतं, सदतीस अंश. शरीराच्या आत जे चालतं ते बघायचं तर तेवढीच ऊब पाहिजे म्हणे. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत.

टेबलावर पत्ते काढून ठेवलेले. जेवणाच्या सुट्टीत आमचा एक डाव ठरलेला. या इमारतीत माझ्याशी विनाकारण बोलणारा हा एकच माणूस.

"पिस," ते म्हणाले.

पिसायचं काम कायम माझं. तुझे हात तरुण आहेत, म्हणतात. चहा मागवतात तोही अर्धा कप, आणि दोन्ही हातांनी धरून पितात, थंडीतल्या माणसासारखा. आज अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं?"

"पेन्सिल तासताना." त्यांनी पत्ते उचलले नाहीत. "ऐकलं मी. बाई फार बोलल्या का?"

"वसतिगृहात टाकणारेत मला."

खिडकीबाहेर एक माणूस रिकामी हातगाडी ओढत चालला होता. ते तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"पोरी, एक सांगू? कबूल करून टाक."

"काय?"

"म्हणावं, चुकून हात लागला, सांडलं. लहान आहेस. चार दिवस ओरडतील, विसरतील. मी स्वतः बोलेन बाईंशी, वसतिगृह टळेल ते माझ्याकडे लागलं. लहान माणसाची चूक पोटात घालतात गं. म्हाताऱ्याची नाही घालत कोणी."

पत्ते माझ्या हातातच राहिले.

"पण मी केलंच नाही, सर."

"मला माहितीये," ते म्हणाले. आणि लगेच खिडकीकडे वळले, जणू तोंडातून काहीतरी निसटलं होतं.

५

मला माहितीये. बाकी कुणालाच माहीत नव्हतं, मावशीला सुद्धा. यांना कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मावशीच्या खोलीत शिरले. तिच्यासमोर दोन पेले होते. कालच बाटलीतलं थोडं तिने एका पेल्यात काढून थंड खोलीत ठेवलं होतं, थोडं इथे टेबलावर. थंड खोलीची किल्ली काकांकडून घेऊन उशाखाली ठेवून झोपली होती.

"बावीस," ती म्हणाली. "आणि हेही बावीस."

"मग?"

"सरकलं नाही." तिने खडू घेतला. "इकडे ये. बघ."

मी रुसलेली होते. तरी गेले. ती माझ्याशी कामाचं बोलत होती, हे काय रोज होतं का!

"एन्झाइम पहिल्याचं दुसरं करतं आणि दुसऱ्याचं पहिलं. दोन्ही एकदम चालू. एक वेळ अशी येते की जेवढे जातात तेवढेच परत येतात. मग आकडे हलत नाहीत. त्याला समतोल म्हणायचं. आता हा समतोल कुठे येणार, ते ठरवते ऊब. थंड खोलीत एका फ्युमरेटमागे सात मॅलेट. वाटे किती झाले?"

"आठ."

"शंभराचे आठ वाटे केले तर एक वाटा?"

"साडेबारा."

"म्हणजे तू थंड खोलीत एन्झाइम ओतलं असतंस, तर फ्युमरेट साडेबारावर येऊन थांबलं असतं. इथे टेबलावर एकास चार आणि वर थोडं. तिथे साडेअठरा."

"पण मध्येच कुठे बावीस असेल ना? साडेबाराला जाता जाता?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच ताठ उभं राहावंसं वाटलं. "बरोबर. म्हणून तर रात्रभर थांबले. वाटेत असतं तर आज पुढे गेलं असतं. ते जागचं हललेलं नाही, थंडीतही नाही आणि इथेही नाही. म्हणजे बाटलीत जिवंत एन्झाइम नाहीच. हे आधीच कुठेतरी दुसरीकडे समतोलाला पोचलं, तिथे उकळलं गेलं, आणि मग बाटलीत आलं. कुणी बाटलीत काही मिसळलं नाही, ठिणगे. बाटलीतलं सगळंच बदललंय."

"कुठून आलं मग?"

"बावीसाला अठ्ठ्याहत्तर. एकास साडेतीन."

मी खडू तिच्या हातातून घेतला. साडेतीन आणि एक, साडेचार वाटे. शंभराचे साडेचार वाटे केले तर एक वाटा बावीस आणि वर जरासं. "असं कुठल्या उबेला होतं?"

मावशी फळ्याकडे बघत राहिली.

"अंगाइतक्या."

गरम पाण्याचं भांडं. झाकणावरचा पंचा. आणि मग सगळं एकामागून एक माझ्या डोक्यात आदळलं: ओली फरशी, चोरीला गेलेलं फडकं, चिंधी बांधलेला अंगठा, वाकडं लेबल. अर्धा कप चहा. पिस, तुझे हात तरुण आहेत.

६

दुपारी मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. किल्लीकाका दाराशी, घाई एका पायावरून दुसऱ्या पायावर, थोरले सर खुर्चीत. मी भिंतीला टेकून.

"बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. "वसतिगृहात मी जागा विचारून ठेवलीये."

मावशीने बाटलीतलं थोडं यंत्रात ठेवलं. बावीस. मग एका नळीतून एन्झाइमचा एक थेंब टाकला. आकडा हलला. एकवीस. वीस. एकोणीस. साडेअठरावर आला आणि थांबला.

"बघितलंत? आता कुठे यात जिवंत एन्झाइम गेलं. आधी असतं तर ते कधीच इथे येऊन बसलं असतं."

"एक थेंब काय टाकता! हिने अख्खी नळी ओतली असेल."

मावशीने उरलेल्यातले अजून चार थेंब टाकले. आम्ही सगळे आकड्याकडे बघत राहिलो. साडेअठरा. साडेअठरा.

"जास्त एन्झाइम म्हणजे जास्त घाई, बाई. पोचायचं ठिकाण तेच राहतं. धावत गेलं काय, रांगत गेलं काय."

माझ्या नावाने काही बोलू नका, असा चेहरा घाईने केला.

"या खोलीत बावीस येत नाही. थंड खोलीतही येत नाही," मावशी म्हणाली. तिने सरांकडे पाहिलंच नाही. "बावीस यायला सदतीस अंश लागतात. आणि नंतर कुणीतरी ते नियमाप्रमाणे उकळलेलं आहे. इथे नियमाप्रमाणे उकळणारे..."

ती थांबली. ज्याने हा हिशोब शिकवला, त्याच्यावरच तो मांडायचा.

मला मात्र राग होता. मला माहितीये म्हणाला होता हा माणूस, आणि तरी कबूल कर म्हणाला होता. मी टेबलावरची बाटली उचलली, एक पेला घेतला, आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं.

"सर, यातलं थोडं ओतून द्या ना."

"ठिणगे!" मावशी ओरडली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग बाटली उचलली आणि पेल्यावर वाकडी केली. काचेवर काच वाजायला लागली. टिकटिकटिकटिक. निम्मं टेबलावर सांडलं.

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले, एकात एक घट्ट.

"वर्ष होत आलं," ते म्हणाले. "आधी फक्त सकाळी व्हायचं. परवा थंड खोलीत बाटली उचलली आणि ती सुटलीच हातातून. काचा वेचल्या, फरशी पुसली. तशीच रिकामी बाटली होती, लेबल सोडवून लावलं तिला. त्यात काय भरायचं ते सुचेना. टेबलावर सकाळचं उकळलेलं पडलं होतं, फेकायचं. तेवढंच शंभर मापाचं, दिसायला तसंच. म्हटलं, नवीन बाटली आली की बदलू. महिना तर काढायचा."

"मला सांगायचंत," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"आणि तुम्ही काय केलं असतंत? आता घरी बसा म्हणाला असतात. बरोबरच आहे. पण घरी काय आहे, बाई? मागच्या रांगेतली ती शेवटची खोली, तिथे बोलायला भिंत, आणि काम सुटलं की तीही सोडायची." ते माझ्याकडे वळले. "हिच्यावर येईल असं मनातही नव्हतं. आलं तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं काल. मग वाटलं, ही तरुण आहे, ही निभावून नेईल."

मावशी फडकं घेऊन टेबल पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसतच होती.

७

वसतिगृहाचं बारगळलं. मोठ्या बाईंनी माझी माफी वगैरे मागितली नाही. फक्त गलरीत भेटल्या तेव्हा बाजूला झाल्या, मी आधी जावं म्हणून.

घरी मावशी भांडी घासत होती. मी पुसत होते.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"हं."

"मोजायच्या आधी तुला काय वाटत होतं? मी केलंय की नाही?"

ताटली तिच्या हातात तशीच राहिली. खोटं बोलायची तिला सवय नाही, ही तिची मोठी अडचण आहे.

"माहीत नव्हतं मला," ती म्हणाली. "तुझा राग मला माहितीये."

मी फडकं टाकलं आणि निघाले.

"ऐक तरी. काल दुपारीच मी हिशोब मांडला. पहिल्याच फटक्यात उत्तर आलं, तू नाहीस. मला ते इतकं हवं होतं, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. वाटलं, आपण हवं तेच मोजतोय. म्हणून पुन्हा केला. म्हणून रात्रभर थांबले." ती अजून ताटलीकडेच बघत होती. "दुसऱ्या कुणासाठी मी एकदाच मोजते."

मी दारात उभी राहिले. परत येऊन उरलेल्या ताटल्या पुसल्या.

मग खणातून पत्ते घेतले आणि बाहेर पडले. मावशीने कुठे म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक पेटी, अर्धी भरलेली. सर पलंगाच्या कडेला बसून शर्टाची घडी घालायचा प्रयत्न करत होते. घडी होत नव्हती.

"कोण?"

"एकच डाव," मी म्हणाले. "बोलायचं नाही. मी अजून चिडलेली आहे."

त्यांनी शर्ट बाजूला केला. मी पत्ते पिसले, वाटले. त्यांनी आपले उचलले आणि ते त्यांच्या हातात फडफडायला लागले, एक खाली पडला. मी पेटीतलं एक जाड पुस्तक काढून त्यांच्यापुढे उभं केलं, त्यांचे पत्ते एकेक करून त्याला टेकवून ठेवले, ठेवताना मला दिसू नयेत म्हणून तोंड खिडकीकडे केलं.

बाहेर प्रयोगशाळेचे दिवे एकेक करून विझत होते.

"उतारी तुमची, सर," मी म्हणाले.